प्लॉट विकले, रस्ता कुणी सोडायचा?

पिंपळे सौदागर म्हटले की आज डोळ्यांसमोर येतात त्या उंच इमारती, हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत कामाला जाणारी कुटुंबे आणि घरांचे चढे भाव. शंभर वर्षांपूर्वी पवनेकाठचे हे एक साधे शेतकरी गाव होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह या गावाची बारकाईने पाहणी केली आणि १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. गावातल्या १५६ जमीनमालकांकडे मिळून जमिनीचे ७२९ तुकडे होते. त्यातले ४६३ तुकडे एकराहून लहान, तर ११२ तुकडे पाव एकराच्याही आतले. १७७१ मध्ये या गावात एकेका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. मान यांच्या पाहणीपर्यंत ती ७ एकरांवर आली होती.

हे आकडे शेतीविषयीच्या चर्चेत पुढे अनेक वर्षे फिरत राहिले. इतक्या लहान तुकड्यांत औत वळवायचे कसे, विहीर खणायची कुठे, बांधावरची भांडणे मिटवायची कधी, असे प्रश्न त्यामागे होते. अखेर १९४७ मध्ये मुंबई प्रांताने तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा केला. प्रत्येक भागात शेती परवडेल असे किमान क्षेत्र ठरवायचे, त्याला ‘प्रमाणभूत क्षेत्र’ म्हणायचे आणि त्याहून लहान तुकडा पडेल अशी विक्री किंवा वाटणी होऊ द्यायची नाही, असा तो कायदा. हेतू प्रामाणिक होता. परंतु पिढ्यांगणिक होणाऱ्या वाटण्या त्याने थांबल्या नाहीत. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर झाले. कायद्याने एवढेच केले की वाटण्या तोंडी झाल्या आणि सातबारावर सगळ्या भावांची नावे समाईकात राहिली.

त्याहून मोठा घोळ शहरांच्या कडेला झाला. जिथे पीक जाऊन घरे येत होती, तिथेही कायदा तुकड्याची लांबी-रुंदी मोजत बसला आणि त्या तुकड्यापर्यंत जायला वाट आहे का, हे विचारायचे राहून गेले. महाराष्ट्रातल्या गुंठेवारीचे निम्मे दुखणे या एका चुकीत आहे.

गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. शहराच्या हद्दीपासून चार-पाच किलोमीटरवर एखाद्या शेतकऱ्याची दोन एकर जमीन असते. मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, आजारपण किंवा भावाभावांतली वाटणी यांपैकी काहीतरी समोर उभे राहते. बिल्डरला विकायची तर तो एकराचा भाव करतो आणि निम्मे पैसे ‘काम सुरू झाल्यावर’ देतो. गावातलाच एखादा एजंट सांगतो की गुंठ्याने विकली तर दुप्पट येतील. मग शेतात फक्की पडते, खुंट्या ठोकल्या जातात, मधून दहा-बारा फुटांची वाट सुटते आणि रस्त्यावर फलक लागतो. ग्राहकाला सांगितले जाते, ‘एनए होणार आहे’, ‘पिवळ्या पट्ट्यात येणार आहे’, ‘रस्ता मोठा होणार आहे’. खरेदीखत होत नसेल तर नोटरीसमोर साठेखत होते, सोबत कुलमुखत्यारपत्र. इसार दिला की ताबा मिळतो. पुढच्या उन्हाळ्यात विटा येऊन पडतात.

हे प्लॉट घेणारी माणसे कोण, हे नीट पाहिले पाहिजे, कारण ‘अनधिकृत’ हा शब्द उच्चारला की त्यांचा चेहराच पुसला जातो. कारखान्यातला फिटर, रिक्षाचालक, धुणीभांडी करून दोन मुले शिकवणारी बाई, शाळेतला शिपाई, गाव सोडून आलेला मराठवाड्यातला शेतमजूर. फ्लॅटला लागणारी लाखांची एकरकमी रक्कम यांच्याकडे नसते आणि पगाराची स्लिप नसल्याने बँक दारात उभी करत नाही. दीड गुंठा मात्र भिशी, दागिने आणि गावाकडचे चार पैसे एकत्र करून घेता येतो. आधी पत्र्याची खोली, मग विटांची भिंत, दहा वर्षांनी स्लॅब. ऐपतीप्रमाणे वाढत जाणारे घर हीच या लोकांची गृहनिर्माण योजना आहे आणि सरकारच्या कोणत्याही योजनेपेक्षा तिने जास्त माणसांच्या डोक्यावर छप्पर घातले असेल. छोट्या प्लॉटची त्यांची गरज खरी आहे. ती बेकायदा ठरवणे हाच मुळात अन्याय होता.

अन्याय दुसऱ्या ठिकाणीही होतो आणि तो गुंठ्यांच्या हिशेबात दडलेला असतो.

समजा एक एकर जमीन आहे, अगदी चौकोनी. तिची बाजू साधारण ६४ मीटर भरते. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडायचे तर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एकर ४,०४७ चौरस मीटरचा, म्हणजे चार गुंठे तिथे गेले. मधून नऊ मीटरचा रस्ता काढला तर आणखी पावणेसहा गुंठे जातात. विकायला उरतात जेमतेम तीस गुंठे. आता त्याच एकरात तीन मीटरची बोळ काढा आणि मोकळी जागा सोडूच नका. विकायला अडतीस गुंठे मिळतात. मधले आठ गुंठे हा सारा खेळ आहे. गुंठ्याला पाच लाख भाव धरला तर एकरामागे चाळीस लाख.

हे चाळीस लाख विकणाऱ्याच्या आणि एजंटच्या खिशात गेले, पण ते आकाशातून पडलेले नाहीत. तिथे राहायला येणाऱ्यांच्या रस्त्याची, गटाराची, मुलांच्या खेळण्याची जागा कापून ते काढलेले असतात. तीन मीटरच्या बोळात अग्निशमनाचा बंब वळत नाही. समोरासमोर दोन रिक्षा आल्या तर एकीला मागे जावे लागते. रुग्णवाहिका तोंडाशी थांबते आणि माणसाला खाटेवरून किंवा खुर्चीत बसवून बाहेर आणावे लागते. मलवाहिनी टाकायला जागा नसल्याने घराघराला शोषखड्डा आणि त्याच्या शेजारीच बोअर. शेजारच्या गटातल्या मालकाने त्याच्या सोयीने वेगळी बोळ काढलेली असते, त्यामुळे ही बोळ पुढे कुठेच जुळत नाही. ती कुणाच्या तरी भिंतीला जाऊन थडकते.

सांगलीतल्या शामरावनगरची गोष्ट महाराष्ट्राला वर्षानुवर्षे ठाऊक आहे. काळ्या मातीच्या सखल शेतांत गुंठेवारीने वस्ती वाढली, पाणी वाहून जाण्याच्या वाटा बुजल्या आणि पावसाळ्यात तिथली घरे पाण्याने वेढली जाऊ लागली. छत्रपती संभाजीनगरात शंभराहून अधिक गुंठेवारी वसाहती आहेत. शहराचा मोठा हिस्सा त्यांत राहतो. पुण्यात धनकवडी, कात्रज, वडगाव, हिंगणे या भागांनी आधी हेच पाहिले, मग मांजरी, वाघोली, उंड्री, फुरसुंगीची पाळी आली. १९९७, २०१७ आणि २०२१ अशा तीन टप्प्यांत पुणे महापालिकेत गावे आली तेव्हा बहुतेक ठिकाणी प्लॉट आधीच पडून गेले होते. महापालिकेच्या हाती आली ती चढ्या भावाची, दाट बांधलेली, रस्ते नसलेली जमीन. विकास आराखड्यात रस्त्याची रेघ ओढली की ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरावरून जाते. मग मोर्चे, न्यायालय, स्थगिती. जो रस्ता खुंट्या ठोकताना फुकट मिळाला असता, तो वीस वर्षांनी कोट्यवधी रुपये मोजूनही मिळत नाही.

यावर सरकारने काय केले? बहुतेक वेळा माफी दिली. २००१ मध्ये गुंठेवारी विकासाचा स्वतंत्र कायदा आला आणि १ जानेवारी २००१ पर्यंतच्या वसाहती शुल्क घेऊन नियमित करायचे ठरले. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेली. तुकडेबंदीच्या कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून जुने व्यवहार कायदेशीर करून घेता येतील अशी ती सोय होती. एवढे पैसे कोण भरणार? फारसे कुणी पुढे आले नाही, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये ती रक्कम ५ टक्क्यांवर आणली. २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत सुमारे ५० लाख कुटुंबांना दिलासा देण्याची घोषणा केली आणि वर्ष संपण्याआधी अध्यादेश आला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले शहरी आणि नियोजित भागांतले तुकड्यांचे व्यवहार आता शुल्काशिवाय नियमित होणार आहेत.

या साऱ्या माफ्यांच्या मध्ये एकदा बंदीचाही प्रयोग झाला. १२ जुलै २०२१ रोजी नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढले की प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याचा दस्त, लेआउट मंजूर नसेल तर, नोंदवू नये. दुय्यम निबंधक कार्यालयांतून लोक परत जाऊ लागले. त्यातून एक अजब वाट निघाली. प्रमाणभूत क्षेत्र भरेल इतके गुंठे दहा-अकरा जणांनी मिळून एकाच खरेदीखतात घ्यायचे आणि आपसांत वाटून घ्यायचे. कागदावर तुकडा पडत नाही, जमिनीवर मात्र अकरा भिंती उभ्या राहतात. सातबारावर अकरा अनोळखी माणसे सहहिस्सेदार झाली. त्यातल्या एकाला आपला गुंठा विकायचा असेल, कर्ज काढायचे असेल किंवा एकजण वारला आणि वारसांत वाद झाला, तर उरलेल्या दहांचा जीव टांगणीला लागतो. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक आणि त्यामागचा नोंदणी नियम रद्द ठरवला. पुढे सरकारची पुनर्विलोकन याचिकाही फेटाळली गेली.

इथे एक बारकावा सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही आणि एजंट तो लक्षात आणून देत नाही. दस्त नोंदवला जाणे वेगळे आणि सातबारावर नाव लागणे वेगळे. दुय्यम निबंधकाने शिक्का मारला, मुद्रांक शुल्क घेतले, तरी तलाठ्याकडे फेरफार करायला गेल्यावर ‘तुकडेबंदीचा भंग’ म्हणून नोंद अडते किंवा नाव ‘इतर हक्कां’च्या रकान्यात जाते. सरकारच्या एका हाताने कर घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने हक्क नाकारायचा, हे राज्यात लाखो लोकांच्या बाबतीत घडले आहे. आताच्या अध्यादेशाने ही नावे कब्जेदाराच्या रकान्यात येणार असतील तर ते योग्यच आहे. शुल्क माफ केले तेही योग्य. तीस वर्षांपूर्वी दीड गुंठा घेऊन त्यावर आयुष्य घालवलेल्या विधवा बाईकडून दंड वसूल करून कोणताच न्याय होणार नव्हता.

परंतु कागद मिळाला म्हणून बोळ रुंद होत नाही. या अध्यादेशाने प्लॉटधारकाला मालकी दिली, त्याच्या दारापर्यंतच्या रस्त्याबद्दल मात्र तो काही बोलत नाही. शिवाय ज्याने ते आठ गुंठे गिळले त्याला कुणी काही विचारलेले नाही. दर वेळी माफीचा अर्ज घेऊन रांगेत उभा राहतो तो घेणारा. विकणारा तोवर पुढच्या गटात खुंट्या ठोकत असतो. प्रत्येक मुदतवाढ त्याला नव्या ग्राहकापुढे बोलायला वाक्य देते: ‘आज ना उद्या रेग्युलर होईलच.’ आणि आजवरचा अनुभव पाहता तो खोटे बोलत नाही.

विकणाऱ्यांना सरसकट दोष देऊनही चालणार नाही. एक एकराच्या शेतकऱ्याने सगळे नियमाने करायचे ठरवले तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते? भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज आणि तारखेची वाट. सहहिस्सेदारांच्या सह्या, त्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्याही. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क १९९४ पासून आहे, तरी गावोगाव त्यांना न विचारता प्लॉट विकले जातात आणि मग दाव्यांत घेणारे अडकतात. पुढे आर्किटेक्टचा नकाशा, नगररचना विभागाचा अभिप्राय, अकृषिक आकारणी आणि सनद, रस्ता-गटार-विजेचा खर्च. वर महारेरा. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर आठाहून अधिक प्लॉट पाडून विकायचे तर प्रकल्पाची नोंदणी लागते, ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ग्राहकाच्या दृष्टीने हे नियम चांगले आहेत आणि ते सैल करू नयेत. पण ते लिहिताना डोळ्यांपुढे कार्यालय, वकील आणि हिशेबनीस बाळगणारी कंपनी होती. बैलजोडी विकून ट्रॅक्टरचा हप्ता भरणारा माणूस ही पायरी चढूच शकत नाही. त्याला दोनच वाटा उरतात: बिल्डरला एकराने स्वस्तात द्या, नाहीतर एजंटच्या हाती गुंठ्याने द्या. कायदेशीर आणि परवडणारी तिसरी वाट राज्याने बांधलीच नाही.

ती बांधता येते, याचा पुरावा महाराष्ट्राच्याच जमिनीत आहे.

हडपसरच्या मगर भावकीचे उदाहरण पुष्कळांना माहीत असते, पण त्यातला जमिनीचा विचार फारसा सांगितला जात नाही. १९९० च्या दशकात पुणे त्यांच्या शेतांपर्यंत येऊन ठेपले होते. गुंठा-गुंठा विकणे सुरू झाले असते तर चारशेहून अधिक एकरांची ती पट्टी दहा वर्षांत बोळाबोळांची वसाहत झाली असती. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे सव्वाशे कुटुंबांनी जमिनी एकत्र केल्या, कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा धरला. जमिनीचा नकाशा एकत्र झाला म्हणून रुंद रस्ते, बाग, शाळा, कार्यालये आधी आखता आली आणि कुठली जागा कुणाच्या शेतातून गेली यावरून भांडण उरले नाही. पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेड गावातही शेतकऱ्यांनी याच वाटेने नगर उभारले. या नगरांतली घरे कष्टकऱ्याला परवडणारी नाहीत, हे खरे आणि महत्त्वाचे आहे. त्यातून घ्यायचा तो जमीन एकत्र करण्याचा विचार.

अर्थात सगळीकडे एका भावकीची सलग जमीन आणि विश्वासाचा माणूस मिळत नाही. जिथे पन्नास खातेदार एकमेकांशी बोलतही नाहीत, तिथे सरकारनेच मधे उभे राहायचे असते आणि त्यासाठीचा कायदा याच मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये झाला. नगररचना योजना, लोकांच्या भाषेत टीपी स्कीम. एका भागातल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र मांडायच्या, रस्ते, गटारे, बागा, शाळा यांची जागा आधी काढून घ्यायची आणि उरलेली जमीन प्रत्येकाला त्याच्या वाट्याच्या प्रमाणात नीट आकाराचा प्लॉट म्हणून परत द्यायची. क्षेत्र कमी होते, पण दारात रस्ता आल्याने किंमत वाढते. कुणाची जमीन पूर्ण जात नाही, कुणाची पूर्ण वाचतही नाही. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ल्याच्या जुन्या मिळकतींच्या कागदांवर आजही ‘टीपीएस’ आणि ‘फायनल प्लॉट’चे क्रमांक दिसतात, ते या योजनांचे. त्याही आधी, १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या कोंदट चाळींतली माणसे मारली तेव्हा १८९८ मध्ये सुधार न्यास स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याची शेते घेऊन प्लॉट पाडले. आधी रस्ते, बागा आणि सांडपाण्याची व्यवस्था, मग प्लॉट, असा तो क्रम होता. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीतून चालताना जो मोकळेपणा जाणवतो तो त्या क्रमाचा आहे.

गुजरातने हा वारसा सोडला नाही. अहमदाबाद शहर टीपी स्कीम जोडत जोडत वाढले. ७६ किलोमीटरच्या सरदार पटेल रिंग रोडची जागाही बऱ्याच अंशी अशाच योजनांतून मिळाली. महाराष्ट्राने मात्र विकास आराखड्यांवर भर दिला. नकाशावर आरक्षण टाकायचे, जमीन विकत घ्यायला पैसा नाही म्हणून ते तसेच ठेवायचे आणि तोवर खाली प्लॉट पडू द्यायचे, असे चार-पाच दशके चालले. अलीकडे सिडकोने पनवेलच्या नैना क्षेत्रात आणि पीएमआरडीएने माण-म्हाळुंगेत नगररचना योजना हाती घेतल्या आहेत. पाऊल योग्य आहे, पण वेग कमी पडतो. योजना मंजूर होईपर्यंत आजूबाजूच्या गटांत खुंट्या ठोकून झालेल्या असतात.

नियमित झालेल्या जुन्या वसाहतींसाठी काय करावे? घरे पाडून रस्ते काढणे हे अमानुष आहे आणि होणारही नाही. मात्र एका बोळातल्या सगळ्यांनी समोरचे तीन-तीन फूट सोडले तर बारा फुटांचा रस्ता अठरा फुटांचा होतो. त्यात बंब शिरतो, मलवाहिनी बसते. सोडलेल्या जागेचा मोबदला वाढीव बांधकामाच्या किंवा टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या, रूपात देण्याची तरतूद राज्यात आहे. आज ती मोठ्या मालकांच्या कामी येते, कारण तिचे कागद रंगवायला सल्लागार लागतो. दीड गुंठेवाल्याच्या तीन फुटांसाठी हे काम प्रभाग कार्यालयाने स्वतः करून द्यायला हवे आणि ज्या बोळातले सगळे तयार होतील तिथे गटार आणि काँक्रीट आधी झाले पाहिजे. शेजारची बोळ रुंद झालेली दिसली की लोक मागून येतात. मालमत्ता कर ते आजही भरतातच. त्या वस्तीतून आलेल्या कराचा ठरावीक हिस्सा तिथल्याच रस्त्या-गटारांवर खर्च व्हावा, असा ठराव कोणतीही महापालिका करू शकते.

नवे प्लॉट थांबणार नाहीत आणि थांबवूही नयेत. लहान प्लॉटला सरळ मान्यता द्यावी, अगदी एका गुंठ्यालाही. मग लेआउटच्या बाबतीत कणभरही सूट देऊ नये. तालुक्याच्या भूकरमापकाने मोजणीसोबतच रस्ता, मोकळी जागा आणि शेजारच्या गटाला जुळणारी वाट यांचा नकाशा काढून द्यावा, त्यासाठी आर्किटेक्टची गरज भासू नये, शुल्क शेतकऱ्याला परवडेल इतके असावे आणि ठरलेल्या दिवसांत मंजुरी मिळावी. दोन-चार एकरांच्या लेआउटसाठी रेराची नोंदणीही त्याच खिडकीत व्हावी, ग्राहकाचे संरक्षण पूर्ण ठेवून. आधी मोजणी, मग खरेदीखत, मग फेरफार असा क्रम लावण्याची भाषा महसूल खात्याने केली आहे. त्यात लेआउट जोडला तर हे घडू शकते.

आणखी एक गोष्ट कोणत्याही नव्या कायद्याशिवाय उद्यापासून करता येईल. लेआउटमधले रस्ते आणि मोकळी जागा प्लॉट विकून झाल्यावरही वर्षानुवर्षे मूळ मालकाच्याच नावावर राहतात. मालक वारतो, वारसांना सातबारावर पाच-सात गुंठे दिसतात आणि ते मुलांचे मैदान विकून टाकतात. न्यायालयात जायला रहिवाशांकडे पैसा नसतो. म्हणून पहिले खरेदीखत नोंदवण्याआधी रस्ता आणि मोकळी जागा ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या नावे सातबारावर चढलीच पाहिजे, अशी अट जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक लेआउट मंजुरीत घालावी आणि ती पाळली गेली का हे तहसीलदाराने पाहावे. अध्यादेशातली माफी १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्याच व्यवहारांना आहे. त्यानंतर पडलेल्या प्लॉटांची यादी तालुक्यातालुक्यांत तलाठ्यांना तोंडपाठ आहे. सुरुवात त्या यादीपासून करावी, तिथली बरीचशी जमीन अजून रिकामी आहे आणि रस्त्याची जागा अजून मोजून घेता येते.